टेक्सास थंडर सोल: शाळेच्या बँडच्या तबकडीत ऐकू येणारे जॉन्सन सर

आधी निकाल सांगून टाकते. शाळेतल्या मुलांची रेकॉर्ड आहे म्हणून कौतुकाने, थोडं सांभाळून घेत ऐकावी अशी ही तबकडी नाही. ह्यूस्टनच्या कॅशमिअर हायस्कूलच्या स्टेज बँडने, म्हणजे शाळेच्या जॅझ बँडने, केलेल्या ध्वनिमुद्रणांचा हा संग्रह, 'टेक्सास थंडर सोल १९६८–१९७४', नाऊ-अगेन रेकॉर्ड्सने २००६ साली काढला. त्या काळातल्या कुठल्याही व्यावसायिक फंक (ठेक्यावर उभं असलेलं कृष्णवर्णीय अमेरिकन नाचाचं संगीत) बँडच्या शेजारी तो ताठ मानेने उभा राहतो. वाजवणारे हायस्कूलचे विद्यार्थी आहेत हे न सांगता लावा, ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येणार नाही.

मला मात्र तो आवडला तो वेगळ्या कारणाने. माझी मुलगी इथे टेक्सासमध्ये शाळेच्या बँडमध्ये बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवते आणि आम्ही आईवडील बूस्टर्समध्ये, म्हणजे बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळात, आहोत. म्हणजे शनिवारी ट्रेलरमधून वाद्यं उतरवायची, गणवेशाच्या पिशव्या मोजायच्या, ऑगस्टच्या उन्हात मार्चिंगचा सराव चालू असतो तेव्हा पाण्याचे जग भरत राहायचे. यंदा तिचे बँड डायरेक्टर निवृत्त होत आहेत. त्यांच्या नावाने काय करायचं यावर पालकांच्या बैठका चालल्या आहेत. कोणी म्हणतं पाटी लावू, कोणी म्हणतं शिष्यवृत्ती ठेवू, कोणी म्हणतं बँड हॉलबाहेर आधीच्या डायरेक्टरांचे फोटो आहेत त्या रांगेत मोठी चौकट करू. याच बैठकीत एका वयस्क पालकाने या तबकडीचं नाव काढलं. शाळेतला संगीत शिक्षक मागे काय ठेवून जातो, हे मी आजवर पाहिलेल्या सगळ्या पाट्यांपेक्षा या तबकडीतून जास्त स्पष्ट कळतं.

हे शिक्षक म्हणजे कॉनराड ओ. जॉन्सन. मुलं त्यांना 'प्रॉफ' म्हणत. जन्म १९१५चा, टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावचा. लहानपणीच ह्यूस्टनला आले, वायली कॉलेजात शिकले आणि १९४१ पासून शिकवायला लागले. स्वतः उत्तम सॅक्सोफोनवादक होते. १९४०च्या दशकात त्यांच्या छोट्या बँडची ध्वनिमुद्रणंही निघाली होती. बाहेर पडून दौऱ्यावर जाण्याइतका हात होता, पण त्यांनी शाळा निवडली. कॅशमिअर हायस्कूल ह्यूस्टनच्या ईशान्य भागात आहे, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. १९६७ मध्ये सोल गायक ओटिस रेडिंगचा कार्यक्रम पाहून त्यांना वाटलं, स्टेजवरचा हा जोश माझ्या मुलांमध्ये का येऊ नये? तेव्हाचे शालेय स्टेज बँड सूट घालून, खुर्चीवर बसून मोठ्या जॅझ बँडांच्या जुन्या चाली वाजवत. जॉन्सन सरांच्या मुलांनी झगमगीत कपडे घातले, वाद्यं हलवत, पाय टाकत फंक वाजवायला सुरुवात केली. १९६९ ते १९७७ या काळात ४६ स्पर्धांपैकी ४२ त्यांनी जिंकल्या. युरोप झाला, जपान झालं.

करंडकांची ही यादी मी एका दमात सांगून मोकळी झाले, कारण करंडक कुठल्याही शाळेच्या काचेच्या कपाटात असतात. तबकडीत जे आहे ते कपाटात मावत नाही.

नावातली वर्षं पुन्हा बघा: १९६८ ते १९७४. अमेरिकेत हायस्कूल चार वर्षांचं. दर मे महिन्यात बँडमधली सगळ्यात तयार मुलं पदवी घेऊन निघून जातात आणि ऑगस्टमध्ये नवी मुलं दाराशी उभी असतात, काही जणांचं तर वाद्यावर ओठही अजून नीट बसलेले नसतात. म्हणजे १९६८ मध्ये शेवटच्या वर्षाला असलेला ट्रम्पेटवाला आणि १९७४ मध्ये पहिल्या वर्षाला आलेला ट्रम्पेटवाला शाळेत कधी भेटलेच नसणार. या संग्रहात किमान दोन पूर्ण पिढ्या वाजवताहेत. तरी आवाज एकच आहे. ड्रम आणि बेस घट्ट बांधलेले, त्यावर ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं, एकदम, एका फटक्यात येतो आणि एकदम थांबतो. मुलं बदलत राहिली, बँड तोच राहिला. जॉन्सन सर स्वतः त्या बँडमध्ये वाजवत नव्हते, पण ऐकू येतात ते तेच.

थांबण्याबद्दल जरा जास्त सांगते. शाळेच्या बँडची पारख करायची असेल तर सूर कुठे सुरू होतो हे ऐकू नका, कुठे संपतो ते ऐका. सुरुवात सगळ्यांना जमते, काठी खाली आली की फुंकायचं. शेवट मात्र प्रत्येकाच्या दमावर असतो. कोणाचा श्वास आधी संपतो, कोणी उत्साहात अर्धी मात्रा जास्त धरतो, आणि वाक्याच्या टोकाला दशा लोंबायला लागतात. माझ्या मुलीच्या रिहर्सलचा किती वेळ एवढ्या एका गोष्टीवर जातो हे मी दाराबाहेर बसून ऐकलेलं आहे. या संग्रहातला 'कॅशमिअर' हा तुकडा लावा आणि ब्रासचा प्रत्येक फटका कसा छाटल्यासारखा संपतो ते बघा. तेवढ्या एका क्षणामागे कित्येक दुपारी असणार. हे गुणवान मुलं मिळाल्याने होत नाही. कोणीतरी ते रोज मागितलेलं असतं.

दुसरी गोष्ट अरेंजमेंटची, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देण्याची. बहुतेक शाळा छापील स्वरलिपी विकत घेतात. त्यात पाच सॅक्सोफोन, चार ट्रॉम्बोन, चार-पाच ट्रम्पेट असा ठरावीक संच गृहीत धरलेला असतो आणि सगळे सारखेच तयार आहेत असंही. प्रत्यक्षात एखाद्या वर्षी ट्रॉम्बोन सेक्शन कच्चा असतो, एखाद्या वर्षी एकच मुलगा सगळ्यांच्या पुढे असतो. जॉन्सन सर स्वतः रचना करत, स्वतः अरेंज करत. या संग्रहातल्या अनेक रचना त्यांच्याच आहेत. त्यामुळे प्रत्येकाचा भाग मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखा अंगावर बसतो. ज्याला अवघड जमतं त्याला अवघड दिलंय, बाकीच्यांना सोपं पण नेमकं. कमकुवत जागा लपवलेली नाही, तिच्यावर झेपेल एवढंच वजन टाकलंय. शिक्षकाला आपली मुलं किती माहीत आहेत, हे इतकं उघड दुसऱ्या कुठल्या कामात दिसत असेल असं मला वाटत नाही.

'स्कॉर्पिओ' मूळची त्यांची नाही, डेनिस कॉफीची १९७१ची. त्यात ब्रास बाजूला होतो आणि ठेका एकटा उरतो. असा मोकळा भाग सांभाळणं भल्याभल्यांना जड जातं. हात रिकामा राहिला की लय पळायला लागते. ही मुलं घाई करत नाहीत. जिथे आहेत तिथे बसून राहतात आणि बरोबर समेवर सगळे परत येतात. माझ्या मुलीने हा भाग ऐकला, मागे नेऊन परत ऐकला आणि कुणी न सांगता मेट्रोनोम काढून बसली.

आता ही ध्वनिमुद्रणं झालीच कशी, हेही महत्त्वाचं आहे. सरांनी मुलांना स्टुडिओत नेलं आणि क्रॅम या छोट्या लेबलखाली एलपी काढल्या. मोठी कंपनी नाही, जाहिरात नाही. त्या तबकड्या पुढे विरळ झाल्या, जुन्या रेकॉर्ड धुंडाळणाऱ्यांच्या हाती लागल्या, आणि त्यातूनच २००६चा हा संग्रह उभा राहिला. सोबतच्या पुस्तिकेत बँडची हकीगत आणि फोटो आहेत. ती आधी वाचू नका, एकदा नुसतं ऐका, मग फोटोतले ते कोवळे चेहरे बघा.

एलपी नसत्या तर काय उरलं असतं, हे बघायचं तर शिकागोकडे बघावं लागतं. तिथे कॅप्टन वॉल्टर डायेट होते. वेंडेल फिलिप्स हायस्कूलमध्ये मेजर एन. क्लार्क स्मिथ यांच्यानंतर १९३१ मध्ये त्यांनी बँड हाती घेतला, मग ड्यूसेबल हायस्कूलमध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शिकवलं. नॅट किंग कोल, डायना वॉशिंग्टन, जीन अ‍ॅमन्स, जॉनी ग्रिफिन, व्हॉन फ्रीमन ही त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं. डायेटांची थोरवी आपल्याला कळते ती त्या नावांवरून, म्हणजे मोठ्या झालेल्या मुलांवरून. त्यांच्या नावाची शाळाही शिकागोत आहे. २०१५ मध्ये ती बंद झाली, तेव्हा ती वस्तीतली शाळा म्हणून पुन्हा सुरू व्हावी यासाठी लोकांनी उपोषण केलं आणि २०१६ मध्ये ती कलाशाळा म्हणून उघडली. एका बँड डायरेक्टरच्या नावाच्या शाळेसाठी लोक उपाशी बसले, हे वाचून मला भरून आलं. पण त्यांच्या बँडमधला तिसरा क्लॅरिनेट, जो पुढे पोस्टात किंवा गिरणीत कामाला लागला, तो कसा वाजवायचा? ते आपल्याला ऐकता येत नाही. कॅशमिअरच्या तबकडीत तिसरा ट्रम्पेटवाला ऐकू येतो. त्यातली बहुतेक मुलं पुढे वादक झाली नाहीत, आणि तरीही त्यांनी काय मिळवलं होतं ते इथे आहे.

आपल्या मराठी घरांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. बँड म्हणजे कॉलेजच्या अर्जातली एक ओळ, अशी समजूत आपल्याकडे फार आहे. दहावी-अकरावीत अभ्यास वाढला की आधी बँड सुटतो. त्या आधी ही तबकडी घरात एकदा लावा.

उणिवा आहेत. संग्रह करणाऱ्यांचा कल फंककडे आहे, आणि त्यातही ड्रमचे मोकळे तुकडे असतील तिकडे. स्पर्धेत उतरणाऱ्या स्टेज बँडला स्विंग लागतं, संथ बॅलडही लागते. संथ लयीत मुलांचा सूर कसा लागतो ही शिक्षकाची खरी परीक्षा, आणि ती बाजू इथे फार कमी ऐकायला मिळते. दुसरं, संग्रह १९७४ ला थांबतो, सर मात्र १९७८ पर्यंत शाळेत होते. शेवटच्या त्या वर्षांत काय बदललं, काय टिकलं, हे यावरून कळत नाही. आवाजाचा दर्जाही सगळीकडे सारखा नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमांतली ध्वनिमुद्रणं जरा धूसर आहेत आणि वरच्या पट्टीत ट्रम्पेट कधीकधी चढतात. मला ते खटकलं नाही. स्टेजवरच्या पोराचा ट्रम्पेट उत्साहात चढणारच.

सर निवृत्त झाल्यावर तो बँड तसा राहिला नाही. हे लिहिताना वाईट वाटतं, पण डायरेक्टरांच्या वारशाबद्दल बोलायचं तर हे टाळता येत नाही. एका माणसाच्या कानावर, लेखणीवर आणि शब्दावर उभी असलेली गोष्ट पुढच्या माणसाकडे आपोआप जात नाही. शाळेने, शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टने, पालकांनी ती धरून ठेवावी लागते. इथे धरलं ते विद्यार्थ्यांनी. तीसहून जास्त वर्षांनी, पन्नाशीतली ती मुलं पुन्हा जमली, गंजलेली बोटं आणि सुटलेले ओठ घेऊन सराव केला आणि १ फेब्रुवारी २००८ रोजी सरांसमोर वाजवलं. सर ९२ वर्षांचे होते. दोन दिवसांनी, ३ फेब्रुवारीला ते गेले. ज्यांनी इतकी वर्षं वाद्याला हात लावला नव्हता त्यांनाही तो जुना फटका आणि तो शेवट आठवत होता, यावर माझा पूर्ण विश्वास बसतो, कारण तबकडीत तो किती खोल बसवलेला आहे हे ऐकलंय.

घ्यायची कशी? जमलं तर पुस्तिकेसकट घ्या. डिजिटल स्वरूपातही मिळते, पण फोटो आणि हकीगत त्यात तशी हाताशी राहत नाही. घरात बँडमध्ये वाजवणारं मूल असेल तर 'कॅशमिअर'ने सुरुवात करा, मग 'स्कॉर्पिओ', मग सरांच्या स्वतःच्या बाकीच्या रचना. छोट्या स्पीकरवर बेस हरवतो, आणि बेस हरवला तर निम्मा बँड गेला. हेडफोन तरी लावा.

आमच्या बैठकीत पाटीचा ठराव झालाच आहे. मी त्याच्यासोबत दुसरा मांडला आहे: बँड हॉलच्या कपाटात आधीच्या डायरेक्टरांच्या काळातल्या कार्यक्रमांच्या ज्या कॅसेट आणि सीडी पडून आहेत, त्या आधी डिजिटल करून घ्यायच्या आणि या वसंतातला शेवटचा कार्यक्रम नीट माइक लावून ध्वनिमुद्रित करायचा. दुसऱ्यांच्या रचना वाटायच्या किंवा विकायच्या तर परवाने घ्यावे लागतात आणि तिथेच आमची गाडी अडली आहे. तुमच्या मुलांच्या शाळेने हे केलं असेल तर परवाने कसे मिळवले आणि खर्च कसा उभा केला, ते जरूर लिहा.