नाचणी की तीळ? आईच्या हाडांसाठी आणि पोटासाठी

आई ७२ वर्षांची. मनगट मोडलं, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी पोट साफ होईना. डॉक्टरांनी डोस कमी केला, बाकीचं जेवणातून भरून काढा म्हणाले. साताऱ्यात आमच्यापुढे दोन सोयीचे पर्याय होते, जावळीकडची नाचणी आणि तीळ.

आकडेच बघायचे तर तीळ. १०० ग्रॅम तिळात १,२०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, नाचणीत साधारण ३५०. पण हा आकडा सालीसकट तिळाचा. साल काढलेले पांढरेशुभ्र तीळ आणलेत तर बरंचसं कॅल्शियम सालीबरोबरच जातं. साल ठेवली तर तिच्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, सगळं अंगी लागत नाही. आणि दिवसाला पोटात जातात दोन चमचे.

तरी मी तिळावरच होतो. अख्खे तीळ नीट चावले नाहीत तर तसेच बाहेर पडतात, म्हणून भाजून चटणी कुटली. तिचे कण आईच्या कवळीखाली जाऊन बसत. जेवण झालं की ती मोरीत पाठमोरी उभी राहून कवळी धुवायची, हिरडी लालबुंद झालेली. कुणी पाहुणं असलं की चटणीला हातच लावायची नाही. अगदी बारीक पूड करून पाहिली, तर दहा-बारा दिवसांत खवट वास.

मग नाचणीची आंबील. रात्री दोन चमचे पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून गुठळी न होऊ देता शिजवायचं. गार झाल्यावर वाटीभर ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. आंबवल्याने नाचणीतलं खनिजं अडवून धरणारं फायटेट कमी होतं, खनिजं शोषली जायला मदत होते. ताकाचं कॅल्शियम वरचं. नाचणीत चोथाही भरपूर. भाकरी मात्र तिला जड गेली, पाणी कमी पडलं की पोट पुन्हा घट्ट. आंबिलीत ती अडचण आली नाही.

हाडांचा फरक महिन्या-दोन महिन्यांत कळत नाही, पोटाचा कळतो. इसबगोलाची डबी दिवाळीपासून फळीवर तशीच आहे. गोळी चालूच आहे, ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

घरच्यांचे दात धड असतील तर तीळ जरूर ठेवा. कवळी असेल तर माझ्या मते आधी आंबील करून बघा. पीठ एका वेळी किलोभरच दळून आणा.