व्हॉट्सअॅप: गप्पांना उत्तम, वादाला अपुरं

निरोप पोचवण्याचं साधन म्हणून व्हॉट्सअॅपची परीक्षणं भरपूर झाली आहेत. इथे प्रश्न वेगळा आहे. दोन माणसांचे एखाद्या मुद्द्यावर मतभेद आहेत आणि दोघांनाही ते खरोखर सोडवायचे आहेत. अशा वेळी हे अॅप उपयोगी पडतं की आडवं येतं? मोजपट्टी जुनी घेतली आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादाच्या नियमांवरच्या प्राचीन भारतीय ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: खरं काय ते ठरवण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं फक्त खोडत बसायचं ती वितंडा. त्याशिवाय चर्चेत माणूस कुठे हरला असं धरायचं, त्याची २२ निग्रहस्थानं दिली आहेत. ती यादी वाचताना सूत्रं लिहिणाऱ्याने एखादा नातेवाइकांचा ग्रुप पाहिला असावा अशी शंका येते.

या अॅपमधली सर्वांत चांगली सोय बहुतेकांच्या खिजगणतीत नसते: मेसेज उजवीकडे सरकवला की तो अवतरणात येतो आणि खाली उत्तर लिहिता येतं. ‘अननुभाषण’ नावाचं एक निग्रहस्थान आहे. प्रतिपक्षाने तीनदा सांगितलेलं, सभेला कळलेलं म्हणणं जो परत मांडून दाखवू शकत नाही, तो हरला. खोडण्याआधी काय खोडतोय ते सांग, एवढीच अट. सरकवून दिलेलं उत्तर या अटीचा निम्मा भाग आपोआप पुरा करतं. उरलेला निम्मा मात्र हाताने करावा लागतो, कारण अवतरण हे समोरच्याचे शब्द असतात, आपल्याला ते कळल्याचा पुरावा नव्हे. म्हणून उत्तराच्या पहिल्या ओळीत ‘तुझं म्हणणं असं आहे ना, की…’ असं आपल्या शब्दांत लिहावं, तेवढंच पाठवावं आणि ‘हो’ आल्यावर पुढे जावं. वेळ जातो, पण निम्मी भांडणं याच पायरीवर संपतात.

या सोयीत एक खोट आहे. मेसेजचा तुकडा निवडून त्यालाच उत्तर देता येत नाही. अवतरणात अख्खा मेसेज येतो आणि लांब असेल तर सुरुवातीच्या ओळीच दिसतात. एका मेसेजमध्ये तीन मुद्दे घातले, तर समोरचा त्यातला सर्वांत कच्चा उचलतो आणि उरलेल्या दोन्हींचं उत्तर मिळाल्यासारखं दिसतं. उपाय साधा: एका मेसेजमध्ये एकच मुद्दा, आणि दावा एका मेसेजमध्ये तर कारण दुसऱ्यात. म्हणजे ‘दावा मान्य, कारण अमान्य’ असंही उत्तर देता येतं.

आता निळ्या खुणा. त्या २०१४च्या नोव्हेंबरात आल्या आणि तेव्हापासून गप्प बसण्याचा अर्थच बदलला. उत्तर न सुचणं म्हणजे ‘अप्रतिभा’, हेही निग्रहस्थानच. पण ते सभेत, समोरासमोर, उत्तराची वेळ आली असता. निळी खूण हा निकाल दिवसभर, कामात असलेल्या माणसावरही लावते. पुरावा म्हणूनही ती कच्ची आहे. चॅट उघडलं की खूण निळी होते, मजकूर वाचला असो वा नसो. उलट नोटिफिकेशनमध्ये पूर्ण वाचलं तरी ती राखाडीच राहते.

बंद करायची असेल तर सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग रीड रिसीट्स. इथे अॅपने एक नीतिमान निर्णय घेतला आहे: तुम्ही तुमची खूण लपवली की इतरांचीही तुम्हाला दिसत नाही. मात्र ग्रुपमध्ये हा बंदोबस्त चालत नाही. तिथे आपला मेसेज दाबून धरून माहितीच्या चिन्हावर टिचकी मारली की कुणी वाचलं याची यादी निघते. व्हॉइस मेसेज ऐकल्याची खूणही बंद होत नाही. ‘टायपिंग…’ हेसुद्धा लपवता येत नाही, त्यामुळे लिहून खोडणारा माणूस समोरच्याला दिसत राहतो. अवघड उत्तराचा कच्चा मसुदा स्वतःलाच मेसेज करण्याच्या चॅटमध्ये लिहावा.

अॅपमध्ये नाही ते बटण म्हणजे ‘वाचलं, विचार करून सांगतो’. मे २०२२मध्ये आलेल्या रिअॅक्शन त्या जागी वापरल्या जातात, पण अंगठ्याचा अर्थ ‘मिळालं’, ‘पटलं’ की ‘पुरे आता’, हे पाठवणाराच जाणे. कामाचं निमित्त सांगून चर्चा तोडणं हेही एक निग्रहस्थान आहे: ‘विक्षेप’. निमित्त आणि खरी सवड यांत फरक करणारी गोष्ट म्हणजे वेळ. ‘नंतर बोलू’ हा विक्षेप. ‘उद्या रात्री नऊला लिहितो’ ही तहकुबी. तो मेसेज पिन करून ठेवता येतो.

सर्वांत मोठी तक्रार मेसेज बदलण्याच्या सोयीबद्दल आहे. सगळ्यांसाठी डिलीट करण्याची सोय २०१७मध्ये आली तेव्हा मुदत सात मिनिटांची होती. ऑगस्ट २०२२पासून ती दोन दिवसांहून थोडी जास्त आहे. मे २०२३पासून पाठवल्यानंतर १५ मिनिटं मजकूर बदलताही येतो. डिलीट केलेल्या जागी ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी पाटी राहते, म्हणजे काहीतरी बोललं गेलं होतं हे तरी कळतं. बदललेल्या मेसेजला फक्त ‘एडिटेड’ एवढी बारीक खूण लागते. आधी काय लिहिलं होतं ते दिसत नाही. समजा एकाने लिहिलं ‘हे काम आपण सोडून देऊ’, दुसऱ्याने ‘मान्य’ म्हटलं, आणि दहाव्या मिनिटाला पहिल्याने ‘सोडून देऊ’ काढून ‘पुढे नेऊ’ केलं. दुसऱ्याचं ‘मान्य’ आता त्याने कधीच न मानलेल्या गोष्टीखाली उभं आहे. चर्चेच्या मध्यात प्रतिज्ञा, म्हणजे मांडलेला मूळ दावा, बदलणं हा जुन्या वादशास्त्रात उघड पराभव होता. इथे ती नुसती सोय आहे. शुद्धलेखन सुधारण्यापलीकडे ती वापरू नये. उत्तर येऊन गेलं असेल तर दुरुस्ती नव्या मेसेजमध्ये, आधीचा अवतरणात घेऊनच करावी. मत बदलण्यात काहीच गैर नाही, पण ते बदललेलं दिसायला हवं.

याउलट, आपोआप नाहीसे होणारे मेसेज (मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस) अधिक विचारपूर्वक केलेले आहेत. मुदत लावली की चॅटमध्ये सगळ्यांना तसं कळतं. ऐकणाऱ्याला एखादा मेसेज राखून ठेवायचा असेल तर तो ठेवू शकतो, पण बोलणाऱ्याला सूचना जाते आणि त्याला नकार देता येतो. बोललेल्या शब्दांवर मालकी कुणाची, या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर या अॅपमध्ये दुसरीकडे कुठे सापडत नाही. मर्यादा एवढीच, की साध्या मेसेजचा स्क्रीनशॉट कुणी घेतला तर कळत नाही, आणि अवतरणात गेलेला मजकूर मुदतीनंतरही उरू शकतो.

एप्रिल २०१६पासूनच्या एंड-टू-एंड एन्क्रिप्शनबद्दल (मेसेज फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येईल अशी कुलूपबंदी) थोडक्यात: ते तिऱ्हाइतापासून वाचवतं, समोरच्यापासून नाही. बॅकअपचं एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं.

फॉरवर्डचा बंदोबस्त ठीकठाक आहे. जानेवारी २०१९पासून जगभर एका वेळी पाच चॅटची मर्यादा आली, आणि अनेकदा फिरलेला, दुहेरी बाणाचा मेसेज एप्रिल २०२०पासून एका वेळी एकाच चॅटला जातो. पण मजकूर कॉपी करून पेस्ट केला की बाण गळून पडतो आणि विधान पाठवणाऱ्याच्या नावावर येतं. तसं पाहिलं तर ते बरंच आहे: आता ‘हे तू म्हणतोयस का?’ असं विचारता येतं. बाणासकट आलेल्या विधानाला प्रतिज्ञा करणारा कुणीच नसतो, म्हणून त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

व्हॉइस मेसेजमध्ये सूर कळतो, हा मोठा फायदा. दुप्पट वेगाने ऐकलं की तोच आधी जातो. शिवाय त्यातल्या विशिष्ट वाक्याला उत्तर देता येत नाही. समजूत घालायला तो वापरावा, मुद्दा मांडायला नाही.

राहिला ग्रुप. सभासद १,०२४पर्यंत असू शकतात, पण वादाला पूर्वपक्ष (आधी मांडलेली बाजू), उत्तरपक्ष (तिला उत्तर देणारी बाजू) आणि मध्यस्थ लागतो. मध्यस्थाची हत्यारं अॅडमिनकडे आहेत: दुसऱ्याचा मेसेज काढणं, फक्त अॅडमिननेच लिहावं असं ठरवणं. अडचण अशी, की अॅडमिन बहुधा एका पक्षात असतो. तेव्हा तापलेल्या विषयापुरता ज्याला त्यात काही मिळवायचं नाही अशाला अॅडमिन करावं. ग्रुप सोडणाऱ्याची दवंडी ऑगस्ट २०२२पासून पिटली जात नाही, फक्त अॅडमिनला कळतं. मात्र सोडून गेलेल्यांची नावं ६० दिवस यादीत दिसतात.

पोलमध्ये १२ पर्याय देता येतात, आणि कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. म्हणून पोल चर्चेच्या सुरुवातीला टाकू नये: नावानिशी मत दिलं की माणूस ते राखायला बसतो आणि वादाचा जल्प होतो. कारणं मांडून झाल्यावर टाकावा, एकाहून अधिक उत्तरांची मुभा बंद करावी आणि ‘अजून ठरलं नाही’ हा पर्याय ठेवावा. मत नंतर बदलता येतं, हे पोलच्या खाली एका ओळीत लिहून द्यावं. अनेकांना ते माहीत नसतं.