फॅफ्सा आणि कम्युनिटी कॉलेजचा खर्च : कॅलिफोर्नियातील एका आईचा अनुभव

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयात, राज्याच्या रहिवाशाला एका युनिटमागे (अभ्यासक्रमाच्या श्रेयांकामागे) ४६ डॉलर फी पडते, म्हणजे १२ युनिटांच्या पूर्णवेळ सत्राला ५५२ डॉलर. एवढ्या फीसाठी सरकारी मदतीचा अर्ज (फॅफ्सा) कशाला भरायचा, असे आपल्या ओळखीच्या घरांतून अनेकदा ऐकू येते आणि मुलीला प्रवेश मिळाला तेव्हा माझेही मत तेच होते. आज, एक वर्ष ही मदत घेतल्यावर, ते मत साफ चुकीचे होते असे मी म्हणेन, कारण कम्युनिटी कॉलेजात फी हा खर्चाचा लहानसा भाग असतो. खरा भार घरभाडे, जेवण, पुस्तके आणि रोजचे येणेजाणे यांचा असतो.

फॅफ्सा म्हणजे फेडरल सरकारकडे विद्यार्थ्याने करायचा आर्थिक मदतीचा अर्ज. त्यातून मिळणाऱ्या मदतीत सर्वांत मोलाची आहे ती पेल ग्रँट, कारण ती सहसा परत करावी लागत नाही. २०२५-२६ या वर्षासाठी तिची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर आहे. शिवाय ज्यांची गरज सिद्ध होते त्यांची प्रतियुनिट फी कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटमधून माफ होते. या माफीत पुस्तकांसाठी किंवा भाड्यासाठी हातात काही पडत नाही. पण फीच माफ झाल्यामुळे पेलची जवळजवळ सगळी रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होते आणि तीच भाड्याला व पुस्तकांना उपयोगी पडते. केवळ फीमाफीचा अर्ज भरून जी कुटुंबे थांबतात, ती या मोठ्या मदतीला मुकतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

अर्जाबद्दल बोलायचे तर तो आता खूपच सुटसुटीत झाला आहे. २०२४-२५च्या वर्षासाठी त्याची पुनर्रचना झाली तेव्हा एरवी ऑक्टोबरात खुला होणारा अर्ज डिसेंबर २०२३च्या अगदी शेवटी उघडला आणि लाखो विद्यार्थ्यांना त्या उशिराचा त्रास झाला. आम्ही पुढच्या वर्षाचा अर्ज भरला, तेव्हा तो सुरळीत चालत होता. उत्पन्नाची माहिती संमती दिल्यावर थेट कर खात्याकडून येते, त्यामुळे आकडे टाइप करताना होणाऱ्या चुका टळतात. विद्यार्थी आणि पालक यांना आपापले स्वतंत्र खाते काढावे लागते, आणि आमचा पहिला संध्याकाळचा वेळ त्यातच गेला. सोशल सिक्युरिटी कार्डावर नाव जसे आहे तसेच ते खात्यात लिहावे लागते. मी सवयीने मधले नाव म्हणून पतीचे नाव घातले होते, जे माझ्या कार्डावर नाही. मराठी घरांनी खाते काढण्यापूर्वी कार्ड समोर ठेवावे. खाती तयार झाल्यावर प्रत्यक्ष अर्ज तासाभरात संपला. तो पूर्णपणे विनामूल्य आहे, म्हणून तो भरून देण्यासाठी पैसे मागणाऱ्यांकडे जाण्याचे काहीही कारण नाही.

आमच्या बाबतीत अडचण वेगळीच होती. २०२५-२६च्या अर्जात २०२३ सालचे उत्पन्न धरले जाते आणि माझ्या पतींची नोकरी २०२४मध्ये गेली. त्यामुळे कागदावर आम्ही जितके सुस्थितीत दिसत होतो तितके प्रत्यक्षात नव्हतो. अशा वेळी कॉलेजच्या फायनान्शियल एड कार्यालयाकडे फेरविचाराची मागणी करता येते, आणि बदललेली परिस्थिती पाहून आकडे दुरुस्त करण्याचा अधिकार त्या कार्यालयाला असतो. ही सोय फार मोठी आहे, पण ती आपल्याला कोणी आपणहून सांगत नाही. मुलीच्या कॉलेजातील कार्यालयाने आमच्याकडून तीच कागदपत्रे दोनदा मागितली आणि निर्णयाला सात आठवडे लागले; तोवर पुस्तके आम्ही उसनवारीने घेतली. निर्णय मात्र न्याय्य झाला. प्रत्येक कागदाची प्रत आणि पाठवल्याची तारीख जपून ठेवली नसती, तर तो झाला असता की नाही याची मला शंका आहे.

आपल्या लोकांसाठी आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. ग्रीनकार्डधारकांना फेडरल मदत मिळू शकते, पण एच-४ व्हिसावरील (एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावरील) मुलांना मिळत नाही. आणि ज्यांना अर्जात मालमत्तेची माहिती द्यावी लागते त्यांनी पुण्यात किंवा नाशकात भाड्याने दिलेला फ्लॅटही दाखवायचा असतो; तो भारतात आहे म्हणून वगळता येत नाही.

कर्जाबद्दल माझे मत सावध आहे: या दोन वर्षांत ते टाळता आले तर टाळावे, आणि मिळत असेल तर वर्क-स्टडीचे काम (सरकारी मदतीचा भाग म्हणून मिळणारे अर्धवेळ काम) आधी घ्यावे. ज्यांचे उत्पन्न पेलसाठी जास्त आहे त्यांनी अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट ही शिक्षणखर्चावरची आयकर सवलत जरूर पाहावी. फी आणि पुस्तकांच्या पहिल्या २,००० डॉलरांइतकी पूर्ण सूट तिच्यामुळे करात मिळते, आणि कम्युनिटी कॉलेजचा वर्षाचा असा खर्च बहुधा त्याच्या आसपासच असतो.

शेवटची सूचना विषय सोडण्याबद्दल आहे. १२ऐवजी ९ युनिटे घेतली तर पेलची रक्कम ७५ टक्क्यांवर येते, आणि सत्राचा ६० टक्के काळ उलटण्याआधी सगळेच विषय सोडले तर मिळालेल्या पैशांतील काही भाग परत करावा लागू शकतो. दुसऱ्या सत्रात मुलीला रसायनशास्त्र जड जाऊ लागले, तेव्हा आम्ही हे आकडे तिच्यासमोर ठेवले आणि निर्णय तिच्यावर सोडला. तिने विषय ठेवला आणि कॉलेजच्या विनामूल्य शिकवणी केंद्रात आठवड्यातून दोनदा जायला सुरुवात केली.