पोर्चचे मूर्तिखांब: चेहऱ्याआधी मान बघा

बेळगावच्या आसपास पोर्चसाठी स्त्रीमूर्तीचे तयार खांब दोन प्रकारचे मिळतात. एक भरीव काँक्रीटचा, दुसरा जीआरसीचा, म्हणजे काचतंतू घातलेल्या सिमेंटचं पोकळ कवच. घ्यायचा तर जीआरसीचाच.

भरीव खांबाची मान असते जेमतेम ५ इंच. खांबात सळईवर ४० मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतो. दोन्ही बाजूंचं कव्हर वजा केलं तर सळ्या आणि रिंगांना पावणेदोन इंच उरतात. तेवढ्यात चार सळ्या बसत नाहीत, मग कव्हर कमी केलं जातं. खानापूरकडच्या पावसात ओल आत शिरते, सळई गंजून फुगते आणि नेमक्या मानेवरच्या कपच्या उडतात. अथेन्सच्या एरेक्थिऑन मंदिरातल्या (इ. स. पू. ४२१–४०६) सहा मूर्तींच्या मानेमागे जाड केस सोडलेत, ते मान बळकट करण्यासाठीच: समोरून मान नाजूक दिसते, भार मात्र केसांसकटचा दगड पेलतो. भरीवच हवा असेल तर मानेवर उतरलेला भरघोस अंबाडा करून मागा आणि स्लॅबचा भार त्यावर टाकू नका. कर्नाटकातल्या बेलूरच्या मंदिरातल्या मदनिका, म्हणजे स्त्रीमूर्ती, याही खांब नाहीत, खांबाच्या माथ्याशी कलत्या बसवलेल्या आहेत.

जीआरसीत भार आतला खांब घेतो. पण ९ इंची चौकोनी कॉलम मानेतून जात नाही, म्हणून मिस्त्री तिथेच तो बारीक करतात. हे अजिबात होऊ देऊ नका. आत लोखंडी पाइप उभा करा. व्यास आणि जाडी इंजिनिअरकडून ठरवून घ्या. कवचाचे दोन भाग पाइपभोवती जोडायचे, सांधा निऱ्यांच्या घडीत लपवायचा. माथा आणि बीम यांच्यात १० ते १२ मिमी फट ठेवून सीलंट भरा. फट नसेल तर सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) काढल्यावर स्लॅब थोडा बसतो, भार कवचावर येतो आणि घोट्याशी तडा जातो.

माल ताब्यात घेताना कवच आतून बघा. जाडी १२ मिमीच्या खाली नको. निऱ्यांच्या खोल घडीत मिश्रण पातळ राहतं, तिथे बोटांनी ठोकून बघा. साच्यातून काढल्यावर निदान ७ दिवस पाणी मारलंय का, हेही विचारा.

घडणीबद्दल मात्र तक्रार आहे. साचा एकच, त्यामुळे दोन्ही मूर्ती एकाच बाजूला कलतात आणि पोर्च तिरका वाटतो. एरेक्थिऑनच्या डावीकडच्या तिघी उजव्या पायावर भार देतात, उजवीकडच्या तिघी डाव्या. त्यामुळे निऱ्यांच्या सरळ रेषा बाहेरच्या बाजूला येतात आणि भार खाली उतरताना दिसतो. जोडीसाठी उलटा साचा करून मागा, खर्च वाढला तरी.

ऑइल पेंट लावू नका. ओल आत अडकते आणि पापुद्रे सुटतात. सिलेनचा (पाणी आत शिरू न देणाऱ्या द्रवाचा) हात द्या, माथ्याच्या खालच्या कडेला पाणी गळून पडेल अशी खाच आणि आतलं पाणी निघायला पायाशी १० मिमीचं भोक ठेवा.