बेझियन सरासरी की विल्सन स्कोअर: लोकांच्या मतांवरून यादी लावताना

साध्या सरासरीने यादी लावली, तर दोघांनीच ५ स्टार दिलेली वस्तू, शंभर जणांच्या मतांतून ४.६ मिळवलेल्या वस्तूच्या वर जाऊन बसते. हे टाळायचे दोन चांगले मार्ग आहेत.

तुमच्याकडे १ ते ५ स्टार असतील तर बेझियन सरासरी घ्या. प्रत्येक वस्तूच्या खात्यावर आधीच काही गृहीत मतं टाकायची, तीही संपूर्ण साइटच्या सरासरीइतकी. समजा सरासरी ३.९ आणि गृहीत मतं १०. मग दोन मतांची वस्तू (३९ + १०) ÷ १२, म्हणजे ४.०८ वर येते आणि शंभर मतांची ४.५४ वर राहते. खरी कसोटी त्या १० च्या आकड्याची. तो फार मोठा ठेवला तर नवी वस्तू जागची हलत नाही. फार लहान ठेवला तर विक्रेत्याचे चार ओळखीचे लोक तिला सहज वर चढवतात. एका वस्तूला साधारण किती मतं पडतात त्याचा मध्यक काढा आणि तिथून सुरुवात करा.

फक्त लाइक-डिसलाइक असतील तर विल्सन. संख्याशास्त्रज्ञ एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेलं हे सूत्र रेडिट या चर्चेच्या साइटने २००९ मध्ये कमेंटच्या 'बेस्ट' क्रमासाठी घेतलं. लाइकचं खरं प्रमाण कमीत कमी किती असेल, याचा ते ९५ टक्के खात्रीच्या पातळीवर अंदाज देतं: २ पैकी २ लाइकना ०.३४, १०० पैकी ९० ना ०.८३. इथे गृहीत आकडा ठरवावा लागत नाही, हा मोठा फायदा. पण शून्य मतांवर भागाकार कोसळतो, म्हणून ती अट आधी तपासा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की ९० ÷ १०० चं उत्तर ० येतं; आधी दशांशात बदला. शिवाय एक डिसलाइक आणि शंभर डिसलाइक, लाइक एकही नसेल तर दोन्हींना शून्यच. नव्या मजकुरावर हा अन्यायच आहे.

एक दोष मात्र दोन्हींत उरतो: वरचं जास्त दिसतं, म्हणून त्यालाच मतं पडतात. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांच्या २००६ च्या प्रयोगात इतरांच्या डाउनलोडचे आकडे दिसू लागताच गाण्यांच्या लोकप्रियतेतली दरी रुंदावली आणि कोणतं गाणं पुढे जाईल याचा अंदाज बांधणंही कठीण झालं. त्यामुळे दर दहातली एक जागा कमी मतांच्या वस्तूंसाठी राखून ठेवा, आणि प्रत्येक मत तारखेसह वेगळं साठवा. खोटी मतं सापडली की ती वगळून गुण पुन्हा काढता येतात. नुसती सरासरी साठवली असेल तर ते जमत नाही.