आठ महिन्यांनंतर घरचा फोटो प्रिंटर: चांगला आहे, पण आधी ती एक सेटिंग बदला

फोन बंद पडला तो कायमचाच. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी चार खेपा घालायला लावल्या आणि शेवटी "बोर्ड गेलाय, डेटा मिळणार नाही" म्हणून हात वर केले. डेटाची जबाबदारी आमची नाही, या कागदावर आधीच सही घेतलेली, त्यामुळे भांडूनही उपयोग झाला नाही. आजीचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो त्यात होते. वाचले ते मावशीला मेसेजवर पाठवलेले एकतीस. त्याच आठवड्यात हा डाय-सब्लिमेशनवाला, म्हणजे रिबनच्या पातळ फिल्मवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणारा, छोटा प्रिंटर घेतला.

इंटरनेटच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ, यांनी २०१५ सालीच सांगितलं होतं की जे फोटो खरंच जपायचे आहेत ते छापून ठेवा. तेव्हा वाचलं आणि सोडून दिलं, याचं आता फार वाईट वाटतं.

पहिला महिना मी रिबनवर चिडलेली होते. कागद चार वेळा आतबाहेर होतो: पिवळा, मग किरमिजी, मग निळा, शेवटी वरचं पारदर्शक संरक्षक कोटिंग. फोटोत अर्धी पांढरी भिंत असली तरी रिबनचा पूर्ण संच खर्च होतोच. मला हे उधळपट्टीचं वाटायचं. पण मध्ये दोन महिने प्रिंटर कपाटात पडून राहिला आणि काढल्यावर पहिलीच प्रिंट स्वच्छ आली. आधीच्या इंकजेटची शाई एवढ्या काळात नोझलमध्ये वाळायची आणि ती साफ करण्यातच निम्मी संपायची. माझ्यासारख्या अधूनमधून छापणाऱ्यांना हाच स्वस्त पडतो. रिबनबद्दलचं मत मी मागे घेते. फक्त वापरलेली रिबन तशीच टाकू नका, कापून टाका. उजेडात धरली की तिच्यावर घरच्यांचे चेहरे दिसतात.

आता खरी तक्रार. फोनचा फोटो बहुतेक वेळा ४:३ प्रमाणात असतो आणि कागद ४ बाय ६ इंच, म्हणजे ३:२. सहा इंच रुंदी भरायची तर उंची साडेचार इंच लागते. प्रिंटर न विचारता वरून पाव आणि खालून पाव इंच कापतो. पाव इंच म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. पहिली प्रिंट आईच्या हातात दिली. पुढे आजी बसलेली, मागे आम्ही सगळे उभे. आईने खालच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हात कुठे गेले गं तिचे?"

मांडीवरचे हात कापले गेले होते. फोटो कापला जाणार, ही सूचना छापण्याआधी ठळकपणे दाखवायला काय हरकत होती? सेटिंग आहे, पण तिसऱ्या मेनूत दडवलेली. 'पूर्ण फोटो बसवा' निवडलं की डावी-उजवीकडे पांढरी पट्टी राहते आणि फोटो अख्खा येतो. मेसेजवरून आलेले माझे फोटो बारीक होऊन १६०० बाय १२०० पिक्सेलचे झालेत. चार इंच उंचीला ३०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) बाराशेच पिक्सेल लागतात, त्यामुळे एवढ्या आकारात ते धूसर दिसत नाहीत. मोठी प्रिंट मात्र काढू नका.

अल्बम चिकट पानांचा घेऊ नका, जुने फोटो त्यातून सोडवताना फाटतात. पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या खिशांचा घ्या, पीव्हीसी प्लास्टिकचा नको.

तो फोटो पांढऱ्या पट्ट्यांसकट पुन्हा छापला. डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत धरून बसायची आजीची सवय त्यात दिसते. आईने तो कपाटाच्या दाराला आतून लावलाय. रोज साडी काढताना दार उघडतं. एकतीसपैकी एकोणीस छापून झालेत, रिबन संपली म्हणून थांबलेय, नवी उद्या येतेय.