कम्मट्टिपाडम: दोस्तीतला क्राइम थ्रिलर बघायचा तर हा बघा

लहानपणीचे दोस्त, मोठेपणी गुंड, मग एक जण गायब होतो आणि दुसरा त्याला शोधत फिरतो. एवढंच ऐकलं तर कुणीही म्हणेल हे तर ढीगभर वेळा बघून झालंय. पण राजीव रवीचा ‘कम्मट्टिपाडम’ (2016, मल्याळम) ज्यांचा राहिलाय त्यांनी प्लीज वेळ काढा, कारण दोस्तीत कुणाला काय मोजावं लागलं याचा एवढा रोखठोक हिशोब मी तरी दुसऱ्या गँगस्टर पिक्चरमध्ये बघितलेला नाही.

गोष्ट केरळातल्या कोचीची, एर्नाकुलमची, तिथल्या कम्मट्टिपाडम नावाच्या वस्तीची. कृष्णन (दुल्कर सलमान) आता चाळिशी पार केलेला, मुंबईत सिक्युरिटीचं काम करतोय. त्याला जुन्या दोस्ताचा, गंगाचा, फोन येतो आणि त्यानंतर गंगाचा पत्ताच लागत नाही. कृष्णन उठून गावी जातो. आपण त्याला भेटतो तेव्हाच तो जखमी आहे, रक्त वाहतंय, आणि तसाच बसमधून चाललाय, आणि तिथून पिक्चर कधी लहानपणात, कधी विशीत, कधी आत्ताच्या फ्लॅटच्या जंगलात असा फिरत राहतो. सुरुवातीला थोडा गोंधळ होतो, चेहरे आणि वयं जुळवावी लागतात, पण अर्ध्या तासात लिंक लागते.

आता खरी गंमत. ही पोरं वस्तीत वाढतात, गंगाचा भाऊ बालन हा एरियातला दादा, पोरं त्याच्यावर फिदा, मग त्याच्याच मागे दारूच्या धंद्यात, मारामाऱ्यांत. इथपर्यंत नेहमीचंच. पण यांना कामाला लावणारा जो आसान (म्हणजे उस्ताद, बॉस) आहे ना, तो यांच्याकडून काय करून घेतो, तर यांच्याच वस्तीतल्या लोकांच्या जमिनी खाली करून घेतो. दलित कुटुंबं, बापजाद्यांपासून तिथे राहिलेली, भातशेतीचा चिखल तुडवलेली. आणि त्यांना हुसकवायला जातं कोण, तर त्यांच्याच घरची पोरं, कारण मालक सांगतोय आणि दोस्त सोबत आहे. बालनच्या म्हाताऱ्या आजोबाला हे कळतं तो भाग बघा, काय सांगू, पूर्ण पिक्चरमधली एवढी मारामारी एका बाजूला आणि तो म्हातारा एका बाजूला. तलवार-चाकू काही नाही, तरी सगळ्यात जास्त तिथेच लागतं. परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिलेले ज्यांनी बघितलेत त्यांना हे फार समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणजे निष्ठा आहे, भरपूर आहे, एकमेकांसाठी जीव टाकतील अशी आहे, पण ती खर्च कुणाच्या कामी होते तर बिल्डरच्या. आणि दोस्तांतही सगळे सारखे नाहीत. कृष्णन त्यांच्या जातीतला नाही. तोही जेलमध्ये जातो, मार खातो, सगळं खरं, पण वेळ आली तेव्हा तो मुंबईला निघून जाऊ शकला. गंगाला जायला जागाच नव्हती. हे कुणी भाषण ठोकून सांगत नाही, दोघांची वयं वाढताना आपल्यालाच दिसत जातं, आणि मग त्या फोनचं वजन कळतं.

विनायकनबद्दल वेगळं लिहावं लागेल. रजनीकांतच्या ‘जेलर’ मधला व्हिलन म्हणून तो आता आपल्याकडे सगळ्यांना माहितीये, पण हा गंगा बघा आधी. तरुणपणीचा मस्तीखोर गंगा आणि नंतरचा पिऊन पिऊन उतरलेला गंगा, चालण्यातच फरक दिसतो. हा माणूस खऱ्या आयुष्यातही याच कम्मट्टिपाडमचा, तिथेच वाढलेला, त्यामुळे असेल कदाचित, पण त्याचा अभिनय चाललाय असं वाटतच नाही. त्या वर्षीचा केरळ सरकारचा बेस्ट अॅक्टर अवॉर्ड त्यालाच मिळाला. बालन झालेला मणिकंदन आचारी तर नवखाच म्हणायचा, तोही अवॉर्ड घेऊन गेला आणि बरोबरच आहे, तो स्क्रीनवर आला की बाकीचे आपोआप मागे सरकतात. दुल्करचं कौतुक यासाठी की एवढा स्टार असून तो बाजूला उभा राहतो, ऐकतो, बघतो, आणि पिक्चर या दोघांना घेऊ देतो.

राजीव रवी मूळचा कॅमेरामन, पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटचा, ‘चांदनी बार’ आणि ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ त्यानेच शूट केलेत. इथे कॅमेरा मधू नीलकंठनकडे आहे पण नजर तीच, वस्ती कुठे गरिबीचं प्रदर्शन वाटत नाही, तिथे लोक नाचतात, गातात, दारू पितात, प्रेम करतात.

तक्रारी आहेत. लांबी जवळपास तीन तास, आणि मधल्या भागात काही भांडणं कमी केली असती तर चाललं असतं. अनिताला काही कामच दिलेलं नाही, कृष्णनचं तिच्यावर प्रेम, लग्न गंगाशी, आणि तिला स्वतःला काय वाटतं हे विचारायला कुणाला फुरसत नाही, ना दोस्तांना ना रायटरला. शेवट पण जरा फिल्मी झालाय, इतका वेळ साधं चाललेलं आणि एकदम हिशोब चुकता करायची घाई. आणि सगळी गोष्ट कृष्णनच्याच डोळ्यांतून का, गंगाच्या का नाही, हा प्रश्न मला अजूनही पडतो. ज्याची जमीन गेली त्यानेच सांगितली असती तर वेगळाच पिक्चर झाला असता.

तरी बघाच. मल्याळम ऑडिओ ठेवा आणि सबटायटल्स लावा, वस्तीतल्या बोलीचा ठसका डबिंगमध्ये मरतो. लहान मुलं आसपास असताना नको, रक्त बरंच आहे. आणि मोबाईल बाजूला ठेवा, कुठलं वय चाललंय हे एकदा हुकलं की मागे जाऊन बघावं लागतं.